घरीं केलेला रिले व त्याच्या दोषांची परीक्षा

पूर्वीं डाक पायीं किंवा घोड्यावरून जात असे, त्या काळीं एकच मनुष्य किंवा एकच घोडा थैली घेऊन शेवटच्या गांवापर्यंत धांवत नसे. ठराविक टप्प्यावर ताज्या दमाचा दुसरा गडी उभा असे. पहिल्यानें थैली त्याच्या हातीं द्यावी व आपण झाडाखालीं बसावें, दुसऱ्यानें ती घेऊन पुढचा टप्पा गांठावा. अशा टप्प्यावर तयार ठेवलेल्या घोड्यांना इंग्रजींत 'रिले' म्हणत, आणि तेंच नांव पुढें विजेच्या एका लहानशा उपकरणास मिळालें. नांव यथार्थ आहे. थकलेला प्रवाह येतो, आपला निरोप सांगतो, आणि ताज्या दमाचा दुसरा प्रवाह तो निरोप घेऊन पुढें निघतो. मात्र दोघांची प्रत्यक्ष गांठ कधींच पडत नाहीं. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण पुढें तिच्याशींच आपल्याला काम आहे.

अमेरिकेंतील जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञानें १८३५ च्या सुमारास ही युक्ति आपल्या विद्यार्थ्यांस दाखविली, आणि १८४४ सालीं मोर्सनें वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठविली तेव्हां तिचा मोठा उपयोग झाला. लांबच्या तारेंतून येणारा प्रवाह इतका क्षीण होतो कीं, त्याच्यानें कागदावर खूण करणारें यंत्र हलत नाहीं. पण एक हलकी लोखंडी पट्टी मात्र हलते, आणि ती पट्टी त्या ठिकाणच्या बॅटरीचा जोरकस प्रवाह सुरू करूं शकते. आपल्या देशांत डॉ. ओशॉनेसी यांनीं १८५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार चालू केली, आणि १८५४ मध्यें ती आग्र्यापर्यंत पोंचली. २०१३ सालच्या जुलै महिन्यांत आपल्याकडील तारसेवा थांबली. रिले मात्र थांबला नाहीं. घरांतील रेफ्रिजरेटरजवळच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून अधून मधून 'टक्' असा जो आवाज येतो, तो त्याचाच होय.

आमच्या शाळेंतील नवव्या इयत्तेच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं असा एक रिले स्वतः केला, व पुढें बाजारांतून आणलेल्या दुसऱ्या रिलेच्या साहाय्यानें एका इमारतीवरील पाण्याच्या टाकीसाठीं इशारा देणारें यंत्र उभारलें. तें पहिल्या दिवशीं चाललें नाहीं, दुसऱ्या दिवशीं भलतेंच चाललें, आणि चालूं लागल्यावर महिन्याभरानें ऐन वेळीं मुकें राहिलें. आमच्या मतें हा सर्व भाग तें यंत्र पहिल्याच दिवशीं चालण्यापेक्षां शिकण्यासारखा झाला, म्हणून तोच येथें देत आहों.

रिलेचीं अंगें थोडीं आहेत. लोखंडाच्या गाभ्यावर मिनाचा लेप असलेली तांब्याची बारीक तार गुंडाळली कीं विद्युच्चुंबक झाला. त्याच्या तोंडासमोर एक हलकी लोखंडी पट्टी कमानीच्या ताणानें जरा दूर धरलेली असते. गुंडाळींतून प्रवाह गेला कीं पट्टी ओढली जाते व दुसऱ्या विद्युन्मंडलाचीं दोन टोकें जोडते. प्रवाह थांबला कीं कमान तिला मागें नेते. मुलांनीं गाभ्यासाठीं मोठा खिळा घेतला, पट्टीसाठीं डब्याचा पत्रा कापला, आणि तार जुन्या निकामी ट्रान्सफॉर्मरवरून उलगडली.

बॅटरी जोडली, तर पट्टी जागची हलेना. सर्वांनीं बॅटरीस दोष दिला, परंतु बॅटरीवर टॉर्चचा बल्ब लख्ख पेटत होता. मीटरनें पाहिलें तेव्हां गुंडाळींतून प्रवाहच जात नव्हता, कारण तारेच्या टोकांवरील मिना खरवडलेला नव्हता. मिना पारदर्शक व तांब्याच्याच रंगाचा दिसतो, त्यामुळें तार उघडी आहे असा भास होतो. तो ब्लेडनें खरवडल्यावर प्रवाह सुरू झाला, पण ओढ अगदींच नांवापुरती. तेव्हां एका मुलीस आठवलें कीं, सुमारें ३०० वेढे झाल्यावर मधली सुटी झाली होती, आणि सुटीनंतर दुसऱ्याच्या हातीं काम गेलें. पहिला उजवीकडून गुंडाळीत होता, दुसरा डावीकडून. दुसऱ्याचे २०० वेढे पहिल्याच्या विरुद्ध खेंचत होते, आणि शिल्लक १०० वेढ्यांचीच ओढ राहिली होती. येथें एक खुलासा केला पाहिजे. एक थर संपल्यावर तार उलट टोकाकडे परत नेण्यास कांहींच हरकत नसते. फिरविण्याची दिशा तेवढी बदलूं नये.

वेढे दुरुस्त केल्यावर पट्टी झटकन् ओढली गेली, आणि बॅटरी काढली तरी सुटेना! हा दोष फार शिकवणारा आहे. साधा खिळा पोलादाच्या जातीचा असतो, व तो प्रवाह थांबल्यावरही थोडें चुंबकत्व धरून ठेवतो. त्यांतून पट्टी गाभ्यास प्रत्यक्ष चिकटली कीं मध्यें हवेचा थर राहत नाहीं, आणि उरलेली थोडीशी ओढही पुरी पडते. मुलांनीं खिळा लाल होईपर्यंत तापवून राखेंत सावकाश निवूं दिला, त्यानें तो मऊ झाला. आणि पट्टीच्या आंतल्या बाजूस पातळ कागद चिकटविला. कागदाच्या त्या चतकोर तुकड्यानें अर्धें काम केलें. पुढें हा रिले प्रदर्शनाच्या टेबलावर राहिला, आणि टाकीच्या कामासाठीं तयार रिले आणण्यांत आला.

तयार रिलेला पांच पाय असतात. दोन गुंडाळीचे, एक हलणाऱ्या पट्टीचा, एक पट्टी विश्रांतींत असतां जिला टेकते त्या टोकाचा, आणि एक ओढली गेल्यावर जिला टेकते त्या टोकाचा. शेवटच्या दोहोंची इंग्रजी नांवें मुलांनीं शब्दशः मराठींत आणलीं, तीं 'नेहमीं बंद' व 'नेहमीं उघडा' अशीं झालीं, आणि येथें आमच्या भाषेनेंच त्यांना फसविलें. 'दिवा बंद कर' असें आई म्हणते तेव्हां प्रवाह थांबवावयाचा असतो. पण विजेच्या परिभाषेंत टोकें बंद, म्हणजे मिटलेलीं, असलीं तरच प्रवाह वाहतो. दार बंद झालें कीं मनुष्य अडतो, विजेचें दार बंद झालें कीं तिला वाट मिळते. यास्तव मुलांनीं आपल्या वहींत तीं नांवें काढून टाकून 'विश्रांतीचें टोक' व 'ओढीचें टोक' अशीं लिहिलीं. आम्हांस तीं अधिक बरीं वाटतात. इतउत्तर या लेखांत आम्ही तींच वापरूं.

आतां टाकीकडे वळूं. इमारत चार मजल्यांची. पाणी तळाच्या हौदांत येतें आणि पंपानें गच्चीवरील टाकींत चढतें. टाकी भरल्यावर पंप थांबविण्यास कोणी विसरलें तर पाणी गच्चीवरून रस्त्यावर वाहतें, आणि उन्हाळ्यांत त्याच वेळीं शेजारची इमारत टँकरची वाट पाहत असते. टाकी भरतांच खालीं एक लहान भोंगा वाजावा, एवढाच मुलांचा हेतु होता. टाकींत त्यांनीं चुंबक बसविलेला एक तरंगता गोळा सोडला. पाणी वर आलें कीं गोळा वर जातो, आणि कांचेच्या नळींतील दोन बारीक पातीं जवळ येऊन जुळतात.

मग रिले हवा कशाला, भोंगाच त्या पात्यांना कां जोडूं नये, असा प्रश्न एका पालकांनीं आम्हांस विचारला. प्रश्न रास्त आहे आणि त्याचें उत्तर गणितानें देतां येतें. गच्चीपासून तळापर्यंतची बारीक दुहेरी तार जाऊन येऊन सुमारें ८० मीटर भरते, आणि तिचा रोध जवळजवळ ७ ओहम होतो. भोंग्यास अर्धा अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे ७ गुणिले अर्धा, साडेतीन व्होल्ट नुसत्या वाटखर्चांत जातात. रिलेच्या गुंडाळीचा रोध ४०० ओहम. १२ व्होल्टला तिच्यांतून अवघे ३० मिलिअँपिअर जातात, आणि वाटखर्च एक पंचमांश व्होल्टाहून थोडासाच अधिक होतो. शिवाय तीं पातीं इतकीं नाजूक असतात कीं, अर्ध्या अँपिअरचा भार त्यांना रोज सोसणें कठीण. हेन्री व मोर्स यांस लांबच्या तारेंत जी अडचण पडली, तीच येथें चार मजल्यांत पडली, एवढेंच.

सर्व जोडून झाल्यावर हौदाचा पंप सुरू केला. टाकी भरली, परंतु भोंगा वाजण्याऐवजीं रिलेच खडखड करूं लागला. एका सेकंदांत कितीतरी वेळां टकटक होई, आणि भोंग्यांतून मधून मधून नुसती कुरकुर निघे. येथें मुलांचे तीन पक्ष झाले. एक म्हणे, टाकींत पाणी पडत असल्यामुळें लाटा उठतात व गोळा वरखालीं होतो. दुसरा म्हणे, एवढ्या लांब तारेंतून प्रवाह नीट येत नाहीं. तिसऱ्याचें म्हणणें, दुकानदारानें सदोष रिले गळ्यांत बांधला. प्रत्येक पक्षापाशीं बुद्धि होती, पण पुरावा कोणापाशींच नव्हता. वाद चालू ठेवण्यास मुलांना अडचण नसते. आम्हीं त्यांना एवढेंच विचारलें कीं, कोणता एक प्रयोग केला असतां यांपैकीं दोन पक्ष एकदम निकालांत निघतील?

थोड्या विचारानें एकानें तो शोधला. त्यानें गच्चीवरून आलेल्या दोन्ही तारा खालच्या पेटीपाशींच सोडल्या व त्यांच्या जागीं तारेचा एक आंखूड तुकडा लावला. आतां टाकी नाहीं, गोळा नाहीं, लांब तारही नाहीं. खडखड तशीच चालू! एका तुकड्यानें लाटांचा व लांब तारेचा, असे दोन्ही पक्ष बाद झाले. दोष वर नसून खालींच आहे, हें सिद्ध झालें, आणि चार मजले चढण्याउतरण्याचे श्रमही वांचले. नंतर भोंग्याची एक तार सोडून पाहिलें. रिलेनें एकदां 'टक्' केलें आणि तो स्वस्थ राहिला. म्हणजे रिले निर्दोष. भोंगा जोडला कीं मात्र तो बिघडतो.

असें कां व्हावें? रिले व भोंगा दोघांनाही प्रवाह एकाच बॅटरींतून मिळत होता. ती बॅटरी म्हणजे आठ पेन्सिल-घटांची माळ, आणि त्यांतील कांहीं घट जुन्या खेळण्यांतून काढलेले. भोंगा सुटा असतां मीटर जवळजवळ १२ व्होल्ट दाखवी. भोंगा जोडतांच कांटा चार व्होल्टांच्या खालीं कोसळे. आतां क्रम पाहा. रिले ओढला जातो, भोंगा सुरू होतो, दाब कोसळतो, रिलेची ओढ संपून पट्टी सुटते, भोंगा थांबतो, दाब पुन्हां चढतो, रिले पुन्हां ओढला जातो. दाराची जुनी विजेची घंटा मुद्दाम अशाच युक्तीनें वाजवितात, तिची पट्टी आपलाच प्रवाह आपण तोडते. मुलांनीं अजाणतां घंटाच तयार केली होती! एकेक घट निराळा तपासला तेव्हां दोन घट केवळ दिखाऊ निघाले. त्यांना मोकळेपणीं मोजलें तर दाब ठीक, काम सांगितलें कीं अंग टाकीत. म्हणून घट नेहमीं भार जोडून तपासावा. नुसत्या मोकळ्या दाबावर विश्वासूं नये.

नवे घट घातले असते तरी खडखड थांबली असती, परंतु घट जुने झाल्यावर ती पुन्हां उद्भवली असती. मुलांनीं तारायंत्राचाच मार्ग धरला, व भोंग्यासाठीं निराळी बॅटरी ठेवली. रिलेचें मंडल एक, भोंग्याचें दुसरें. दोघांत एकही सामाईक तार नाहीं. त्या दिवसापासून यंत्र उत्तम चालूं लागलें, आणि इमारतींतील मंडळींनीं मुलांचें कौतुक केलें.

हें कौतुक एप्रिलपर्यंत टिकलें. उन्हाळ्यांत गच्चीवर पापड-कुरडयांचें वाळवण पडलें, येतां जातां कोणाच्या तरी पायांत तार आली आणि तुटली. कोणास कळलेंही नाहीं, कारण मुका भोंगा व समाधानी भोंगा यांत बाहेरून कांहींच अंतर दिसत नाहीं. एका रात्रीं पंप सुरू राहिला आणि तासभर पाणी वाहून गेलें. पूर्वीं लोक घड्याळाकडे पाहून पंप बंद करीत; आतां ते भोंग्यावर विसंबले होते. मुलांचे खेळ काढून टाका, असा निरोप दुसऱ्या दिवशीं आला. त्या रागांत तथ्य होतें. ज्यावर दुसरा मनुष्य विसंबतो तें यंत्र बिघडल्यावर गप्प राहतां कामा नये.

मुंबईस जातांना बोरघाटांतून उतरणारी गाडी ज्या सिग्नलांवर भरंवसा ठेवते, त्यांच्यापुढें हाच प्रश्न फार पूर्वीं आला होता. १९३० सालच्या १ जून रोजीं मुंबई व पुणें यांमध्यें दख्खनची राणी धांवूं लागली, त्याच्याही कितीतरी आधीं, १८७२ सालीं, विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थानें त्याचें उत्तर काढलें होतें. रुळांचा एक तुकडा मागच्यापुढच्या रुळांपासून विजेच्या दृष्टीनें अलग करावयाचा; त्याच्या एका टोकास बॅटरी व दुसऱ्या टोकास रिले. मार्ग मोकळा असतां प्रवाह एका रुळानें जाऊन, रिलेंतून दुसऱ्या रुळानें परत येतो, व रिलेची पट्टी ओढलेली राहते. तेव्हांच सिग्नल हिरवा होऊं शकतो. गाडी आली कीं तिचीं चाकें व आंस दोन्ही रुळांना मध्येंच जोडतात, प्रवाहाला जवळची वाट मिळते, रिले उपाशी पडतो, पट्टी खालीं येते आणि सिग्नल लाल होतो. परंतु खरी खुबी पुढेंच आहे. बॅटरी संपली तरी लाल. तार तुटली तरी लाल. रूळ तडकून दुभंगला तरी बहुधा लालच. बिघाड झाला तर गाडी उगीच थांबेल, पण उगीच पुढें जाणार नाहीं. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं आंस मोजणारीं यंत्रें बसविलीं आहेत. तथापि बिघडल्यास लाल, हा नेम त्यांनाही सुटलेला नाहीं.

मुलांनीं आपलें यंत्र या नेमानें उलटें केलें. तरंगता गोळा काढून उलटा बसविला, म्हणजे टाकी रिकामी असतां पातीं जुळलेलीं व भरली कीं सुटलेलीं. रिले सदैव ओढलेला, आणि भोंगा विश्रांतीच्या टोकास. आतां टाकी भरो किंवा तार तुटो, दोन्ही वेळां भोंगा वाजणारच.

पण सुरक्षितपणा फुकट मिळत नाहीं. पूर्वीं रिले दिवसांतून कांहीं मिनिटें प्रवाह घेई. आतां तो अहोरात्र ३० मिलिअँपिअर घेऊं लागला. पेन्सिल-घटाची धारणाशक्ति २००० मिलिअँपिअर-तास धरली तर तो ६६ तासांत, म्हणजे पुऱ्या तीन दिवसांतही नव्हे, आटोपतो. नुसता बाजारी अडॅप्टर लावावा तर वीज गेली कीं भोंगा ओरडणार, आणि रात्रीं दोन वाजतां ओरडणारा भोंगा कोणती इमारत सहन करील? कोणीतरी भोंग्यास बटण लावण्याची सूचना केली. ती आम्हांस पसंत पडली नाहीं. दाबलेलें बटण पुन्हां उचलण्याची आठवण कोणास राहत नाहीं. शेवटीं ७ अँपिअर-तासांची १२ व्होल्टची मिटलेली बॅटरी व तिच्यासाठींच केलेला चार्जर घेतला. वीज गेली तरी ती बॅटरी रिलेला नऊ दिवसांहून अधिक पोसूं शकते. मात्र अशी बॅटरी चुकून जोडटोकें होऊन पेटूं नये, म्हणून तिच्या धन टोकालगतच एक अँपिअरचा फ्यूज घालावा. तो बॅटरीपासून हातभर दूर घातला तर मधल्या तारेला संरक्षण राहत नाहीं.

एक दोष आणखी होता, आणि तो प्रथमदर्शनीं दिसणारा नव्हता. गुंडाळींतून वाहणारा प्रवाह एकदम तोडला तर गुंडाळी त्यास विरोध करते, व क्षणभर शेंकडों व्होल्टांचा धक्का उत्पन्न होतो. १२ व्होल्टांची बॅटरी असूनही हें घडतें! त्या धक्क्यानें पात्यांमध्यें ठिणगी उडते, आणि कालांतरानें तीं खडबडीत होतात किंवा चिकटून बसतात. नव्या मांडणींत पातीं चिकटणें हा सर्वांत वाईट बिघाड होय, कारण मग टाकी भरली तरी रिले सुटणार नाहीं. उपाय एका लहान डायोडचा. तो गुंडाळीच्या दोन पायांमध्यें असा जोडावा कीं त्यावरील पट्टा धन बाजूस येईल. उलट जोडला तर बॅटरीचा प्रवाह सरळ त्यांतूनच धांवेल व फ्यूज जाईल. डायोड लावल्यावरही बिघाड अशक्य झाला असें नाहीं. म्हणून आठवड्यांतून एकदां गच्चीवर जाऊन गोळा हातानें उचलावा व भोंगा ऐकावा, असें काम वांटून दिलें आहे.

रिलेच्या टोकांवर धूळ, गंज व किडे हेही शत्रु आहेत. १९४७ सालच्या सप्टेंबर महिन्यांत हार्वर्ड विद्यापीठाचें एक प्रचंड गणकयंत्र अडलें. त्यांत रिले पुष्कळ होते, आणि शोध करतां ७० व्या क्रमांकाच्या रिलेंत एक पतंग सांपडला. तो नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला. आमच्या पेटीस मुलांनीं झांकण बसविलें तें याच गोष्टीनंतर.

आतां पालकांशीं दोन शब्द. यंत्र चांगलें चालूं लागल्यावर इमारतींतून सूचना आली कीं, भोंग्याऐवजीं पंपच आपोआप थांबेल असें करा. रिलेवर '१० अँपिअर, २५० व्होल्ट' असें छापलेलें असतें, त्यामुळें हें सोपें वाटतें. तें सोपें नाहीं, आणि विद्यार्थ्यांनीं तें करूं नये. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर चालतांना सुमारें तीन अँपिअर घेते, पण सुरू होतांना क्षणभर त्याच्या पांच-सहा पट घेते. लहान रिलेचीं टोकें त्या झटक्यानें वितळून जोडलीं जातात, आणि मग पंप थांबतच नाहीं. पण पाण्यापेक्षां मोठा प्रश्न जिवाचा आहे. रिलेच्या पोटांत १२ व्होल्टांचे व २३० व्होल्टांचे पाय अवघ्या कांहीं मिलिमीटर अंतरावर असतात. कारखान्यानें तें अंतर विचारपूर्वक राखलेलें असतें. आपण भोंकांच्या पाटीवर डाख देतांना कथलाचा एक थेंब जास्त पडला कीं तें नाहींसें होतें. दोन प्रवाहांची गांठ पडूं नये हा रिलेचा धर्म, आणि तो एका थेंबानें बुडतो. मग गच्चीपर्यंत गेलेली, पाण्यांत उतरलेली, आणि मुलानें निर्धास्तपणें हातीं घेतलेली तार २३० व्होल्टांची होते.

हा धोका किती, तें एका आंकड्यावरून कळेल. पकडलेली तार हातून सुटेनाशी होण्यास दहा-पंधरा मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. घरांत आर. सी. सी. बी. नांवाचा जो रक्षक स्विच बसवितात, तो सामान्यतः ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडण्यासाठीं योजिलेला असतो, कारण त्यापुढें माणसाच्या हृदयास धोका संभवतो. आमच्या रिलेची इवलीशी पट्टी ओढण्यास लागणारा प्रवाहही नेमका तेवढाच आहे. बारा व्होल्टांचा दाब तो प्रवाह कोरड्या कातडींतून ढकलूं शकत नाहीं; भिंतींतला दाब सहज ढकलतो. म्हणून आम्हीं शाळेंत रेघ आंखली आहे: बारा व्होल्टांपर्यंतचें सर्व मुलांचें, त्यापलीकडचें परवानाधारक वायरमनचें. पंपासाठीं त्या कारागिराकडून मोटरीच्या भारास योग्य असा काँटॅक्टर बसवून घ्यावा. ज्या घरांत असा रक्षक स्विच नसेल त्यांनीं पंपाचा विचार बाजूस ठेवून प्रथम तो बसवावा.

ज्यांना सुटींत हें यंत्र करावयाचें असेल त्यांना सर्व सामान बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत मिळेल. कांहीं शें रुपयांचा मीटर प्रथम घ्यावा, मग रिले. रिले घेतांना गुंडाळी १२ व्होल्टची आहे हें छापलेल्या अक्षरांवरून पाहावें, आणि दुकानांतच तिच्या दोन पायांमधील रोध मोजावा. तो ४०० ओहमच्या आसपास यावा. ७० च्या आसपास आला तर तो ५ व्होल्टचा रिले असून चुकून हातीं आला आहे. त्यानंतर पट्टीचा पाय व विश्रांतीचें टोक यांमधील रोध मोजावा, तो जवळजवळ शून्य असतो. पाय कोणते हें दुकानदारास न विचारतां मीटरनेंच शोधून काढावे, आणि तेथल्या तेथें कागदावर लिहून घ्यावे. घरीं आल्यावर पांचही पाय सारखेच दिसतात.